वावरात पवनचक्की: कंपनीचा माणूस सही मागतोय

धुऱ्यावरचा | ४ जुलै, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज गरज पडली म्हणून लिहितोय. लांबलं आहे, सांभाळून घ्या.

गाव वाशीम जिल्ह्यात, घाटाच्या वरच्या अंगाला. मी नोकरीमुळे पुण्यात, गावी आई-बाबा. सोळा एकर वावर. त्यातलं बारा एकर काळं, खाली नाल्याच्या बाजूला. वर टेकाडावर चार एकर बरड. बरडात वखर घातला की मुरूम वर येतो. सोयाबीन चांगल्या वर्षी एकरी चार क्विंटल, आणि त्यातही रोह्यांचा (नीलगायींचा) वाटा आधी.

दोन वर्षांपूर्वी गावच्या ई-क्लासवर, म्हणजे सरकारी गायरानावर, एका कंपनीनं उंच लोखंडी खांब उभा केला, चहूबाजूंनी तारांनी ताणलेला. लोकांना वाटलं मोबाईलचा टॉवर. रेंज येईल म्हणून पोरं खूश होती. रेंज काही आली नाही. तो वारा मोजायचा खांब निघाला. आता त्याच कंपनीसाठी जमिनी गोळा करणारा एक माणूस महिनाभर गावात मुक्काम ठोकून आहे. आमच्या बरडात त्यांनी लाल खुंटी ठोकलीय.

त्याचं म्हणणं असं: अडीच एकर, एकरी वर्षाला ४० हजार भाडं, दर पाच वर्षांनी ५ टक्के वाढ, मुदत २८ वर्षं ११ महिने. आत्ता २५ हजार रुपये टोकन घ्या आणि पाचशेच्या स्टॅम्पवर सही करा. कागद इंग्रजीत, चौदा पानं. बाबा म्हणतात बरडातून वर्षाला लाख रुपये येत असतील तर आणखी काय पाहिजे. खरंच आहे. २०२५-२६ चा क्विंटलला ५३२८ हा हमीभाव पूर्ण मिळाला असं धरलं तरी चार क्विंटलचे एकरी २१,३१२ होतात. बियाणं, खत, फवारणी, काढणी वजा केली की हातात चहापाण्यापुरते.

अडचण वेगळीच आहे. वर जायला एकच पांदण, जेमतेम बंडी जाईल एवढी. त्यांना वळणावर मोठा रस्ता लागतो, आणि तो शेजारच्या काकांच्या वावरातून जातो. संत्र्याच्या दोन ओळी तुटतील. काकांना देणार फक्त एकदाची पीक नुकसानभरपाई. भाडं आम्हाला आणि धूळ त्यांना. बाबा आणि काका तीस वर्षं एकमेकांची बैलजोडी वापरत आले. पंधरा दिवसांपासून काका आमच्याकडे चहाला आलेले नाहीत.

कोणाच्या गावात पवनचक्क्या झाल्या असतील तर सांगा. सही करावी का? आणि काकांचं काय करावं?

वऱ्हाडी ठेचा | ४ जुलै, रात्री १०:४०

भाऊ, आधी तं त्या कागदावर सही करू नोका. बाकी मंग बोलू.

आमच्या इकळं सोलरवाल्याइनं असंच केलं होतं. टोकन देल्लं, कागद घेतला, अन् तीन वर्षं ढुंकून पायलं नाई. वावर ना इकता येते ना कोनाले देता येते. बँकवाला म्हने तुमच्या जमिनीवर कंपनीचा हक्क हाय. कोनता हक्क बाप्पा, पंचवीस हजाराचा?

कागदोपत्री | ४ जुलै, रात्री ११:५५

ठेचाभाऊ म्हणतात ते नेमकं आहे. दिवाणी वकिली करतो, असे कागद महिन्याला दोन-तीन तरी येतात.

तुम्हाला दिलेला कागद भाडेपट्टा नसणार. 'पुढे भाडेपट्टा करून देण्याचा करार' असणार. म्हणजे कंपनीला वाटलं तर ती घेईल, नाही वाटलं तर सोडून देईल, पण तोवर तुम्ही बांधलेले. त्यात मुदत किती आहे ते आधी पहा. दोन-तीन वर्षं असेल तर सहा महिने करा, आणि प्रकल्प आला नाही तर करार आपोआप रद्द, टोकन परत नाही, असं वाक्य घाला. दुसरं म्हणजे शेवटच्या पानांत कुठंतरी मुखत्यारपत्र दडलेलं असतं, रद्द न करता येणारं. ते अजिबात देऊ नका. त्या एका कागदावर तुमच्या वतीनं कोणीही कुठंही सही करू शकतो.

२८ वर्षं ११ महिने कुठून आले? महाराष्ट्रात २९ वर्षांच्या पुढच्या भाडेपट्ट्याला मुद्रांक शुल्क एकदम वाढतं, म्हणून सगळे त्याच्या आत थांबतात. त्यात गैर काही नाही. पण 'मुदतवाढ भाडेकरूच्या मर्जीनं' असं लिहिलेलं असेल तर ते खोडा, दोघांच्या संमतीनं करा. एक वर्षाच्या वरचा भाडेपट्टा नोंदणीकृतच लागतो, नोटरीच्या शिक्क्याला काही अर्थ नाही.

आता मला सांगा, जमीन वर्ग १ आहे की वर्ग २? भूदानाची, इनामाची, सिलिंगची वगैरे नाही ना? वर्ग २ असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय काही होत नाही. आदिवासी खातेदाराची असेल तर महसूल संहितेचं ३६-अ कलम येतं. आणि सातबाऱ्यावर नावं कोणाकोणाची?

मराठी प्रत मागा. देत नसतील तर तेच उत्तर समजा.

धुऱ्यावरचा | ५ जुलै, सकाळी ७:३०

आभार! वर्ग १ आहे, वडिलोपार्जित. सातबाऱ्यावर बाबा आणि दोन आत्या. आजोबा गेल्यावर वारस लागले तसेच राहिले, हक्कसोड कधी झालं नाही. आत्या वीस वर्षांत वावराकडं फिरकल्या नव्हत्या. आता दोघींचे फोन आठवड्याला येतात, तब्येतीची चौकशी करायला.

मुखत्यारपत्र खरंच आहे, बाराव्या पानावर.

वऱ्हाडी ठेचा | ५ जुलै, सकाळी ७:५२

आत्याईचे फोन! भाऊ, ते तं तिसरं वारं हाय. एक मोजाचं, एक फिराचं, अन् एक सातबाऱ्यावरचं.

गिअरबॉक्स | ५ जुलै, दुपारी १:१८

या धंद्यात अकरा वर्षं काढली, दुरुस्ती-देखभालीच्या बाजूला. आता बाहेर आहे, त्यामुळे मोकळेपणानं लिहितो.

आधी 'विदर्भात कुठलं वारं' ही शंका. पूर्वी खरी होती. साताऱ्याला चाळकेवाडीच्या पठारावर नव्वदच्या दशकाअखेर यंत्रं बसायला लागली, मग धुळ्यात साक्रीकडे ब्राह्मणवेल, सांगलीत ढालगाव, नगरकडे सुपे-कवड्या डोंगर. आपल्याकडे नाव घ्यावं तर चिखलदऱ्याजवळचं मोथा. कारण वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग ६ वरून ७ मीटर प्रतिसेकंद झाला तर ताकद जवळजवळ साठ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे जिथं वारं थोडं कमी तिथं धंदाच बसत नसे. आता टॉवर ऐंशी मीटरवरून एकशेचाळीसवर गेले. वर वारं जास्त आणि सरळ. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचा अंदाज बघा: महाराष्ट्राची क्षमता १२० मीटर उंचीवर ९८ गिगावॅट, १५० मीटरवर जवळपास १७४. राज्य तेच आहे, फक्त तीस मीटर वर गेलो. वाशीम-बुलढाण्याची पठारं या उंचीमुळे नकाशावर आली.

आता तुमच्या लाख रुपयांकडे वळू. ३ मेगावॅटचं एक यंत्र, वर्षभराची सरासरी २८ टक्के क्षमतेनं चाललं असं धरू. ३००० किलोवॅट गुणिले ८७६० तास गुणिले ०.२८, म्हणजे ७३ लाख ५८ हजार युनिट. साडेतीन रुपये दर धरला तर वर्षाचे अडीच कोटींच्या वर. त्यात तुमचं भाडं एक लाख. शंभर रुपयांत ३९ पैसे.

लगेच पेटून उठू नका. मेगावॅटला सात-आठ कोटी भांडवल लागतं, बहुतेक कर्जाचं. यंत्र बंद राहिलं, गिअरबॉक्स गेला, लाईन पडली, सगळी जोखीम त्यांची. पण ३९ पैशांचे ६० झाले म्हणून कुठलाही प्रकल्प बुडत नाही, हेही लक्षात ठेवा. भाव करायला जागा आहे.

वाढीचा हिशेब तर कोणी करतच नाही. पाच वर्षांनी ५ टक्के म्हणजे ४० हजाराचे पंचवीस वर्षांनी ५१ हजार. दरवर्षी ३ टक्के घेतलं तर ८३ हजार ७५०. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी २.० या योजनेत सौर प्रकल्पाला जमीन भाड्यानं दिली तर सरकारच हेक्टरी सव्वा लाख, म्हणजे एकरी ५० हजार, आणि वर्षाला ३ टक्के वाढ देतं. तो कागद समोर ठेवा आणि विचारा, तुमचा दर त्याच्या खाली का?

चांदणी | ५ जुलै, संध्याकाळी ६:०५

माझं माहेर पाटण तालुक्यात, पठाराच्या खाली. आमच्याकडे पहिल्या पवनचक्क्या आल्या तेव्हा मी शाळेत होते. भाडं वगैरे भानगडच नव्हती, सरळ खरेदीखत. वडलांनी वरचा माळ विकला. तेव्हा वाटलं कातळच तर आहे, गवताशिवाय काय उगवतं. मिळालेल्या पैशात एक लग्न आणि एक मोटारसायकल. आज त्याच माळावर जायला आम्हाला रखवालदार अडवतो. भाऊ त्याच ठिकाणी सहा वर्षं रखवालदार होता, हा त्यातला विनोद.

विकू नका दादा. भाड्यानं द्यायचं की नाही ते नंतर ठरवा, पण विकू नका.

नोकऱ्यांचंही सांगते. बांधकाम चालू असताना गावात पैसा खेळतो. ट्रॅक्टर, टँकर, जेवणाचे डबे, खोल्यांची भाडी. वर्ष-दीड वर्षानं सगळं थंड. मग उरतात चार रखवालदार आणि गवत कापणारे दोघं.

वऱ्हाडी ठेचा | ५ जुलै, रात्री ८:३१

ताई, तुमच्या इकळं पाऊस कमी झाला का पन? आमच्या पारावर म्हनतात का पवनचक्कीनं ढग पळवते. मले पटत नाई, पन इचारून घेतो.

चांदणी | ५ जुलै, रात्री ८:५०

तेव्हा सगळे तेच म्हणत. आजी तर पवनचक्कीला हात जोडून शिव्या द्यायची. दोन-तीन वर्षं पाऊस हुकला आणि नेमकी तीच वर्षं पंखे फिरायला लागल्याची. नंतर एवढा पाऊस झाला की कोयनेचे दरवाजे उघडले, तेव्हा पंखे फिरतच होते. मग कोणी बोललं नाही.

गिअरबॉक्स | ५ जुलै, रात्री ९:२०

पाऊस देणारे ढग काही किलोमीटर उंच वाढतात. नव्या यंत्राचं पातं उभं असताना टोक जमिनीपासून २१२ मीटरवर असतं, कुतुबमिनारच्या जवळपास तिप्पट. माणसाला प्रचंड, ढगाला काहीच नाही. यंत्राच्या मागं काही अंतर वारा मंदावतो, ढवळला जातो, एवढंच. मुळात यंत्र बसवतात तेच मोसमी वाऱ्यासाठी. वर्षभराच्या विजेचा मोठा हिस्सा जून ते सप्टेंबरमध्ये येतो. ढग पळाले तर आधी कंपनी रडेल.

आवाज आणि सावली हे मात्र खरे त्रास आहेत. केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०१६ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, त्यात राहत्या घरापासून ५०० मीटर अंतर सांगितलंय. वावरात सालदाराचं बिऱ्हाड असेल तर ते नकाशावर दाखवून घ्या, नाहीतर त्याला 'गोठा' लिहून मोकळे होतात. सार्वजनिक रस्त्यापासून अंतराचं सूत्रही आहे: टॉवरची उंची, अधिक पंख्याच्या व्यासाचा अर्धा, अधिक ५ मीटर. १४० अधिक ७२ अधिक ५, म्हणजे २१७ मीटर.

धुऱ्यावरचे, तुमची खुंटी पांदणीपासून किती लांब?

धुऱ्यावरचा | ५ जुलै, रात्री ९:४४

बाबांना विचारलं. पावलांनी मोजून नव्वद मीटर म्हणतात.

गिअरबॉक्स | ५ जुलै, रात्री ९:४९

मग पांदण गावनकाशावर आहे का बघा. ते म्हणतील ही खासगी वहिवाट. नकाशावर असेल तर सार्वजनिक.

पुण्यातला_पक्का | ६ जुलै, सकाळी ९:१०

सगळा धागा वाचला. राग नका मानू, पण देशाला स्वच्छ वीज हवी की नको? देशातल्या पवन ऊर्जेनं २०२५ मध्ये ५० गिगावॅटचा टप्पा गाठला. प्रत्येक गावात असे फाटे फुटले तर कोळशावरच राहायचं का? तुमच्याच चंद्रपूरची हवा बघा.

वऱ्हाडी ठेचा | ६ जुलै, सकाळी ९:२६

दादा, चंद्रपूरचा धूर आमी खातो अन् ए.सी. तुमचा चालते. आता वारं बी आमचंच अन् शिकवन बी आमालेच?

धाग्यात कोनी 'पवनचक्की नको' म्हनलं काय? कागद मराठीत द्या म्हनलं. त्याच्यानं कोनता प्रकल्प अडते?

कागदोपत्री | ६ जुलै, सकाळी ११:०२

पक्के साहेबांचा प्रश्न अगदीच गैर नाही, पण एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. कोळशाच्या वीज केंद्राला पर्यावरण मंजुरी लागते, जनसुनावणी होते, गावकऱ्याला माईक हातात मिळतो. पवनचक्क्या २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेतून बाहेर आहेत. त्यामुळे संपूर्ण गावासमोर कंपनी उभी राहते आणि प्रश्न घेते असा प्रसंग येतच नाही. एकेका खातेदाराला गाठून, एकेका ओट्यावर बसून व्यवहार होतो. शेजाऱ्याला कळत नाही दुसऱ्याला काय दर दिला. फाटे फुटतात ते तिथं. ग्रामसभेत विषय ठेवा, ठराव करा, दर सगळ्यांसमोर येऊ द्या.

माळरान_माझं | ६ जुलै, दुपारी ३:४०

वाशीम-अकोल्याच्या माळांवर पावसाळ्यात तणमोर येतो, आता अगदी मोजके उरलेत. नर गवतातून उडी मारून मादीला खुणावतो, तेच दिवस तुमच्या डवरणीचे. इथले फासेपारधी पूर्वी त्याची शिकार करत, आज त्यांच्यातलेच काही जण त्याची घरटी राखतात. पात्यांपेक्षा मला भीती तारांची वाटते, मोठ्या पक्ष्यांना त्या वेळेत दिसत नाहीत. लाईनवर पक्षी-सूचक चकत्या लावण्याची अट ग्रामसभेच्या ठरावात घालता आली तर बघा. खर्च फार नसतो.

शेळीपालक_मीरा | ६ जुलै, रात्री ८:१५

सगळे सातबारावाले बोलून राहिले. ज्यायचा सातबाराच नाही त्यायनं काय करावं?

आमच्या गावात ई-क्लासवर तीन टॉवर आले. जमीन सरकारची, भाडं सरकारला. माझ्या चाळीस शेळ्या त्याच गवतावर होत्या. टॉवर उभा झाल्यावर चराई बंद नाही असं म्हणाले होते. आता भोवती जाळी, आत गवत गुडघाभर, बाहेर धोंडे. बचतगटाच्या सहा बायका निवेदन घेऊन गेलो तं साहेब म्हणे तुमचा हक्क कागदावर कुठं आहे.

धुऱ्यावरचे भाऊ, तुमच्या ग्रामसभेत कोणी हे बोललं नाही तं तुम्ही बोला.

धुऱ्यावरचा | ६ जुलै, रात्री ८:४७

ताई, बोलतो. तो मोजायचा खांब ई-क्लासवरच आहे, आणि बाजूच्या वाडीतली गुरं तिथंच चरतात. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, खोटं कशाला बोलू.

तारकट | ७ जुलै, सकाळी ६:५८

लाईन टाकायचे ठेके घेतले आहेत, त्यामुळे टॉवरपेक्षा तारेचं सांगतो. त्यावर कोणी लिहिलं नाही.

टॉवरची वीज गावात वापरत नाहीत. सगळ्या यंत्रांची वीज ३३ के.व्ही.च्या, म्हणजे ३३ हजार व्होल्टच्या, खांबांवरून प्रकल्पाच्या उपकेंद्रात जाते, तिथून चढवून मोठ्या लाईनवर. मोठ्या लाईनला, म्हणजे ६६ के.व्ही. आणि वर, केंद्राच्या जून २०२४ च्या सूचना आहेत: मनोऱ्याखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के, तारेखालच्या पट्ट्याला ३० टक्के. ३३ के.व्ही. त्यात बसत नाही. तिथं जो जसा भांडेल तसा दर. मी स्वतः एकाच धुऱ्याच्या अलीकडे खांबाला पाच हजार आणि पलीकडे पस्तीस हजार दिलेले पाहिले आहेत. फरक एवढाच की पलीकडचा भाऊ तलाठ्याचा मेहुणा होता.

तारेखाली संत्रं चालत नाही, उंच वाढलं की छाटतात. बोअरची गाडी उभी करता येत नाही. हे काकांना सांगा. त्यांच्या वावरात रस्ता येतोय म्हणजे रस्त्याकडेनं खांबही येणार, हे त्या माणसानं त्यांना सांगितलं नसणार.

आणि रस्ता कायमचा असतो. पातं सत्तर मीटरचं, एसटीच्या सहा गाड्या एकामागं एक लावा तेवढं. ते नेण्यापुरता रस्ता लागतो असं म्हणतात, पण पंधरा वर्षांनी मोठी दुरुस्ती निघाली तर क्रेन परत येणार. मग एकदाची भरपाई कसली? रस्त्यालाही वर्षाचं भाडं मागा.

धुऱ्यावरचा | ७ जुलै, रात्री ९:३०

तारकट भाऊ, तुमची पोस्ट बाबांना फोनवर वाचून दाखवली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, टॉवरच्या भाड्यातला चौथा हिस्सा काकांना द्यावा, रस्ता त्यांचा आहे तोवर. आई मागून म्हणाली, लिहून द्या, तोंडी नको.

बाबा आज संध्याकाळी काकांकडे जाऊन आले. चहा झाला.

वऱ्हाडी ठेचा | ७ जुलै, रात्री ९:३५

बुढा मानूस भारी हाय तुमचा.

नितळ | ८ जुलै, सकाळी १०:२०

मराठवाड्यातून लिहितोय. एवढंच सांगेन की मध्यस्थी करणाऱ्या स्थानिक 'दादां'पासून लांब राहा. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला. पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या दोन कोटींच्या खंडणीशी तो जोडलेला असल्याचं तपास यंत्रणेच्या आरोपपत्रात आहे, खटला चालू आहे. ज्या गावात असा पैसा येतो तिथं तो वाटायला कोणीतरी येतोच.

व्यवस्थापक | ८ जुलै, सकाळी ११:००

या विषयावर इथं राजकीय चर्चा नको. दोन प्रतिसाद उडवले आहेत. मूळ प्रश्नावर राहू या.

कागदोपत्री | ९ जुलै, रात्री १०:४०

सवडीनं मुखत्यारपत्र सोडून बाकीची पानं वाचली (धुऱ्यावरचे यांनी फोटो पाठवले होते). तीन जागी अडायला हवं. कंपनी हा भाडेपट्टा बँकेकडं गहाण ठेवणार, ते चालतं, पण गहाण भाडेहक्काचं असावं, जमिनीचं नाही, हे शब्दांत यायला पाहिजे. कंपनी दुसऱ्याला विकली गेली तर नव्या मालकानं थकबाकीसह सगळं स्वीकारावं. आणि मुदत संपल्यावर टॉवर कोण काढणार? कागदात फक्त 'जागा रिकामी करून देईल' एवढंच आहे. पाया वीसेक मीटर रुंद, सिमेंट-लोखंडाचा डोंगर. तो जमिनीखाली किती फुटांपर्यंत काढणार, त्यासाठी बँक हमी कितीची, हे नसेल तर तुमच्या नातवंडांना तो फोडता यायचा नाही. जुन्या यंत्रांचं आयुष्य संपत आलंय तिथं हा प्रश्न आता उभा राहतोय.

एक किरकोळ: हे भाडं शेती उत्पन्न धरलं जात नाही. आयकर विवरणात दाखवावं लागेल.

धुऱ्यावरचा | २ ऑगस्ट, रात्री ११:१५

बरेच जण व्यनित (व्यक्तिगत निरोपात) विचारत होते, म्हणून खबरबात.

रजा काढून गावी गेलो. ग्रामसभा झाली, कोरम भरला, हेच मोठं. दर सगळ्यांसमोर विचारले तर अकरा खातेदारांना सहा वेगवेगळे दर सांगितलेले निघाले. सगळ्यात कमी आमचा नव्हता, वाडीतल्या एका विधवा काकूंचा होता, एकरी २२ हजार. तिथून पुढं सभा कोणाला आवरली नाही. शेवटी ठराव झाला: सगळ्यांना एकच दर, एकरी ५० हजार, वर्षाला ३ टक्के वाढ, रस्त्याला आणि ३३ के.व्ही.च्या खांबांनाही वार्षिक भाडं, कागद मराठीत. ई-क्लासवर चराई चालू ठेवायची आणि जाळी टॉवरच्या पायापुरतीच, हे मीराताईंचं नाव न घेता मी मांडलं. तारांवरच्या चकत्यांवर पोरं हसली, पण ठरावात आल्या.

कंपनीचा माणूस दहा दिवस गायब. मग वरचा साहेब आला, इंजिनिअर बरोबर. एकरी ४६ हजार आणि ३ टक्क्यांवर आले. मराठी प्रत दिली, मुखत्यारपत्राचं पान काढलं. टॉवर काढण्याची बँक हमी अजून लटकली आहे.

मग मी ती २१७ मीटरची गोष्ट काढली. गिअरबॉक्स भाऊ, तुम्ही म्हणालात तसंच, 'ही खासगी वहिवाट आहे' म्हणाले. मी भूमी अभिलेखातून गावनकाशाची नक्कल आधीच काढून ठेवली होती. पांदण नकाशावर आहे. इंजिनिअरनं यंत्र लावून मोजलं, ८६ मीटर. बाबांची पावलं चार मीटरनं चुकली.

रात्री काका म्हणाले, तू हे कशाला उकरलंस, आपल्या वावरातून गेलं ना ते. चार एकरात खुंटी सरकवून सरकवून किती सरकणार.

गिअरबॉक्स | ३ ऑगस्ट, सकाळी ८:०५

अरेरे. पण बरोबर केलंत. पांदणीवरून रोज माणसं-गुरं जातात. पातं तुटून पडणं विरळा, पण पडतं तेव्हा लांब जाऊन पडतं.

वऱ्हाडी ठेचा | ३ ऑगस्ट, सकाळी ८:३०

लाखाची खुंटी सोताच उपटली राजेहो!

मंग खुंटी गेली कोठी?

धुऱ्यावरचा | १९ ऑगस्ट, रात्री ९:५०

ठेचाभाऊ, तेच सांगायला आलो.

नवी खुंटी काकांच्या वावरात लागली. आमच्या बरडाच्या मागं त्यांचं तीन एकर पडीत आहे, पांदणीपासून लांब. तिथं सगळी अंतरं बसतात. आणि क्रेनचा रस्ता आता पांदणीकडून नाही, नाल्याच्या बाजूनं, आमच्या काळ्या वावरातून. सव्वा एकर जातंय, तेही तुरीचं. रस्त्याचं भाडं ठरावाप्रमाणे मिळेल. संत्री वाचली.

तर बाबा काल काकांकडे गेले होते. विषय काढावा लागला नाही, काकांनीच काढला. म्हणाले, तुम्ही चौथा हिस्सा कबूल केला होता ते माझ्या ध्यानात आहे. बाबा म्हणाले, असू दे. काका म्हणाले, असू दे कसं, पण पोरांना विचारून सांगतो.

अजून सांगितलेलं नाही. चहा चालू आहे. पुढच्या आठवड्यात दुय्यम निबंधकांकडे जायचं आहे, आधी रस्त्याचा कागद, मग टॉवरचा, असं दोघांचं ठरलंय.

वऱ्हाडी ठेचा | १९ ऑगस्ट, रात्री ९:५८

सकाळीच जाजा, दुपारून सर्व्हर बंद पडते.

अन् आत्याई?

धुऱ्यावरचा | १९ ऑगस्ट, रात्री १०:०३

फोन बंद झालेत.